फोटोत नसलेली भिंत

मी एक जुनी जाळीची भिंत आहे. म्हणजे होते. आता मला भिंत म्हणायचं की सिमेंटचा ढीग, ते तुम्हीच ठरवा. माझे बरेचसे ठोकळे एका गॅरेजमागे एकावर एक रचून ठेवलेत. काही लोकांनी हौसेने उचलून घरी नेलेत. एक ठोकळा तर गावातल्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलाय. पण मित्रांनो, जीव अजून शाबूत आहे, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं गाव पाम स्प्रिंग्ज, वाळवंटातलं. पश्चिमेला उघडाबोडका डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी सपाट छपरांची, काचेच्या भिंतींची घरं. थंडीत इथे नुसती जत्रा लोटते. जून लागला की सगळी मंडळी कुलपं घालून समुद्राकडे पळतात. मागे उरतात ती ज्यांना पळता येत नाही ती. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे.

माझ्या आधी घर झालं. साल एकोणीसशे एकोणसाठ. गावचे दंतवैद्य डॉक्टर व्हर्नन टटल आणि त्यांची बायको आर्लीन यांनी ते बांधून घेतलं. आर्किटेक्ट होते हॉलिस ग्रँथम, मोठ्या शहरातले, नाव कमावलेले. भर जानेवारीत ते रिकाम्या प्लॉटवर उभे राहिले, डोंगराकडे हात केला आणि म्हणाले, "हा डोंगर मला दिवाणखान्यात हवा." झालं. पश्चिमेची अख्खी बाजू त्यांनी काचेची केली, जमिनीपासून छतापर्यंत. थंडीत सूर्य दुपारीच डोंगराआड जातो, त्यामुळे त्या काचेचा कुणाला काही त्रास झाला नाही. उन्हाळ्यात तोच सूर्य उजवीकडे सरकतो, डोंगराला बगल देतो आणि संध्याकाळपर्यंत थेट घरात घुसतो, हे ग्रँथमसाहेबांनी कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाळ्यात ते इथे आले असतील तर ना!

फेब्रुवारीत मासिकाचा फोटोग्राफर आला. त्याने घरातलं निम्मं सामान बाहेर काढलं, पडदे उतरवले, आर्लीनला बिनबाह्यांचा पिवळा झगा घालायला लावला आणि हातात सरबताच्या ग्लासांचा ट्रे देऊन पोहण्याच्या तलावाकाठी उभं केलं. मागे काच, काचेत गुलाबी डोंगर. तो फोटो पुढे जगभर गेला. पुस्तकांत आला, भिंतींवर लागला. आर्लीन मात्र जन्मभर हसत सांगायची, "अहो, दात वाजत होते माझे त्या गारठ्यात! दंतवैद्याची बायको, आणि दात वाजतायत!"

मग आला पहिला जून.

टेबलावरच्या मेणबत्त्या वाकून खाली बघायला लागल्या. गाण्याच्या तबकड्या पापडासारख्या झाल्या. डॉक्टर दवाखान्यातून आले की दारातच म्हणायचे, "अगं, घर आहे की भट्टी?" त्यांची मुलगी लिनेट तेव्हा रांगत होती. तिच्या अंगभर घामोळं उठलं, ती दिवसभर किरकिरायची. आणि एका दुपारी ती किरकिरायची थांबली. मान टाकली, डोळे फिरवले. डॉक्टरांनी तिला ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि गाडी पिटाळली. पोर वाचली. पण आर्लीन त्या दिवसापासून त्या काचेकडे वैऱ्याकडे बघावं तशी बघायला लागली.

तिने ग्रँथमसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "सवय होईल."

"पोरीला सवय व्हायच्या आधी ती मरेल त्याचं काय?"

"मग पडदे लावा."

"पडदे लावायचे तर काच कशाला लावली? वाराही बंद, डोंगरही बंद!" असं म्हणून तिने फोन आपटला.

मग ती स्वयंपाकघरात बसली. कागदावर पाण्याचा ग्लास उपडा ठेवला आणि पेन्सिल फिरवली. एक गोल, त्याला छेदून दुसरा, मग तिसरा, चौथा. मधे चार पाकळ्यांचं भोक उमटलं. मित्रांनो, तो माझा जन्म. कुठल्या विद्यालयात नाही, एका घाबरलेल्या आईच्या हातातल्या ग्लासातून मी आले.

शेजारच्या इंडिओ गावात युसेबिओ नावाचा ठोकळे पाडणारा होता. त्याने तो कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "बाई, भिंत बांधायची आहे की भोकं बांधायची आहेत?"

"भोकंच बांधा. पण ऊन अडवणारी."

तो हसला, आणि कामाला लागला. लाकडाचा साचा केला, आतून तेल लावलं, वाळू-सिमेंट भरून हातोडीने ठोकून ठोकून बसवलं. एकेक ठोकळा काढून ओल्या गोणपाटाखाली निजवला. मग काचेपासून दोन पावलं सोडून, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पार छपराला टेकेल इतकी उंच अशी त्याने मला उभी केली. शेवटचा ठोकळा बसवून खाली उतरला आणि आर्लीनला म्हणाला, "आता आत जाऊन बसा आणि ऊन कुठे येतं ते मला सांगा."

ती आत जाऊन बसली. ऊन आलंच नाही. आल्या त्या नुसत्या पाकळ्या. सगळ्या फरशीवर पाकळ्या, आणि त्या पकडायला रांगत सुटलेली लिनेट. आर्लीन तिथेच बसल्या बसल्या रडली. मला वाटतं, आयुष्यात माझं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही.

ग्रँथमसाहेब हिवाळ्यात आले तेव्हा त्यांचा तिळपापड झाला. "आर्लीन, तू माझ्या घराला तुरुंगाचे गज लावलेस!"

"तुमचं घर? मग जुलैत तुम्हीच या राहायला. मी किल्ली देते."

"याच्याशी माझं नाव जोडू नकोस."

"बरं," आर्लीन म्हणाली. "चहा घेणार का कॉफी?"

ते काही न घेता गेले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. मला काय त्याचं? माझे दिवस मजेत चालले होते. माझ्या एका भोकात इवल्या पक्ष्याने घरटं केलं. नाताळात माझ्या अंगावर दिव्यांच्या माळा चढायच्या. डॉक्टर बायकोची नजर चुकवून माझ्यामागे सिगारेट ओढायचे, आणि विझलेलं थोटूक माझ्याच भोकात लपवायचे.

आणि एकदा जुलैत सबंध गावाची वीज गेली. लिनेट तेव्हा शाळेत जाणारी होती. पारा तुमच्या मापाने पन्नासला टेकलेला. शेजाऱ्यांची म्हातारी आई घाबरून यांच्याकडे आली. आर्लीनने काच सरकवून उघडी केली, चादरी भिजवल्या, सगळ्यांना काचेलगत फरशीवर आडवं केलं. "भिंतीच्या सावलीत डोकं ठेवा, आणि अजिबात हलू नका," तिने दटावलं. माझ्या भोकांतून वारा आत शिरला, ओल्या चादरींवरून फिरला. डॉक्टर थोड्या वेळाने घोरायलाच लागले. वीज आली तेव्हा सगळे उठून बसले आणि कलिंगड खाल्लं. शेजारची म्हातारी जाताना माझ्यावर थाप मारून गेली.

हेही लक्षात ठेवा.

पुढे व्हायचं तेच झालं. डॉक्टर गेले. लिनेट लग्न करून पोर्टलंडला गेली. माझा रंग उडाला, कोपऱ्यांचे टवके निघाले. गावात नव्या तऱ्हेची घरं आली, आणि आमची घरं लोकांना जुनाट वाटायला लागली. कित्येक पाडलीसुद्धा. घराचं छप्पर गळायला लागलं, न्हाणीघरातल्या छताचा पोपडा एकदा आर्लीनच्या पुढ्यातच कोसळला. ती तेव्हा ऐंशी ओलांडून गेली होती. चाकांची चौकट ढकलत चालायची. तिला बसायला त्या चौकटीवर एक छोटा पाटही होता.

लिनेट आली, पोपडा बघितला आणि हटून बसली. "आई, आता पुरे. हे घर तुझ्या अंगावर पडेल. पोर्टलंडला आमच्याजवळ छान वृद्धाश्रम आहे."

"छान आहे तर तू जा."

"आई!"

"मला इथून आडवी करूनच न्या. उभी मी जायची नाही."

"मग छप्पर दुरुस्त कर. डिसेंबरपर्यंत झालं नाही तर मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन. वाद नको."

 आर्लीन संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसली आणि बराच वेळ डोंगराकडे बघत राहिली. तिला एवढंच हवं होतं, की याच घरात मरावं. फार का मागणं होतं ते? पण छप्पर काही तिच्या ऐपतीतलं नव्हतं.

अशा वेळी दारात उभे राहिले प्रेस्टनसाहेब.

एव्हाना वारं फिरलं होतं. आमची जुनाट घरं पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरायला लागली होती. ती जपणारी एक मंडळी गावात निघाली होती, आणि प्रेस्टन ऑल्ट हे तिचे प्रमुख. त्यांच्या हातात तोच फोटो होता. पिवळा झगा, ट्रे, गुलाबी डोंगर. "मिसेस टटल," ते म्हणाले, "कॉलेजात असल्यापासून हा फोटो माझ्या उशाशी आहे. यातली बाई मला प्रत्यक्ष भेटेल असं वाटलं नव्हतं."

आता सांगा, ऐंशीच्या पुढच्या बाईला हे ऐकून काय वाटेल? तिने केसांवरून हात फिरवला.

माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. वाईट असता तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मंडळी छप्पर घालून देणार होती, न्हाणीघर, रंग, तलाव, सगळं करून देणार होती. आर्लीनने मरेपर्यंत तिथेच राहावं. फक्त घर त्या फोटोसारखं व्हायला हवं होतं. फोटोत जे नाही ते घरात नको. पडदे फोटोत नाहीत. आणि मीही फोटोत नाही.

"ही भिंत मात्र काढावी लागेल," प्रेस्टनसाहेब म्हणाले. "मुळातली नाही ना ती."

"उन्हाळ्यात इथे कधी राहिलायत?" आर्लीनने विचारलं.

"उन्हाळ्यात मी समुद्राकाठी असतो. पण हल्ली एअर कंडिशनर फार उत्तम मिळतात, मिसेस टटल. तोही आम्हीच बसवू."

आर्लीन उठली, चौकट ढकलत बाहेर आली. माझ्या एका भोकात तिने बोटं घातली आणि तशीच उभी राहिली. एका बाजूला मी आणि वृद्धाश्रम, दुसऱ्या बाजूला घर. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, बाई, पोर्टलंडला जा. पण तिला ते पटलं असतं असंही नाही. आत जाऊन ती म्हणाली, "काढा."

डिसेंबरात मला उतरवलं. अगदी हळुवार, ठोकळ्याला ठोकळा न लागू देता. प्रेस्टनसाहेब स्वतः हातमोजे घालून राबत होते. गॅरेजमागे मला रचून ठेवलं. तिथल्या फटीतून तलाव, काच आणि काचेआडचा दिवाणखाना मला नीट दिसायचा. बघत राहण्यापलीकडे मला दुसरं कामच उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत घर बघायला गर्दी लोटली. नवं पांढरं छप्पर, नितळ काच. प्रेस्टनसाहेबांनी आर्लीनसाठी तसाच पिवळा झगा शिवून आणला होता, यावेळी लांब बाह्यांचा. तिला ट्रे देऊन तलावाकाठी उभं केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला बोलू, आर्लीन त्या दिवशी खुशीत होती. लिनेटही आली होती. ती आईला म्हणाली, "चुकलंच माझं. किती छान झालंय घर!" ज्याला त्याला एकच वाक्य सुचत होतं, "काय उजेड आहे हो इथे!"

एकाने विचारलं, "मधे इथे काहीतरी भिंत होती म्हणे?"

"होती एक," प्रेस्टनसाहेब म्हणाले. "नंतर कुणीतरी घातलेली."

कुणीतरी! जिने घातली ती दहा पावलांवर ट्रे धरून उभी होती.

जून लागला. गाडीमागून गाडी गावाबाहेर पडली. शेजारच्या घरांना कुलपं लागली. नवा एअर कंडिशनर सकाळपासून कण्हत असायचा, तरी तिसऱ्या प्रहरी दिवाणखान्यात पाय ठेववत नसे. झोपण्याची खोलीही त्याच काचेला लागून. आर्लीनने एका काचेवर चादर अडकवून पाहिली, ती गळून पडली. खिळे ठोकायचे तर ती पडली एकटी, हात थरथरणारे.

मग एका पहाटे, ऊन चढायच्या आत, चाकांचा आवाज करत ती गॅरेजमागे आली. माझा वरचा ठोकळा दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिने ओढला आणि धाडकन चौकटीच्या पाटावर टाकला. जरा दम खाल्ला. मग ढकलत ढकलत काचेपाशी नेला आणि जुन्या जागी, माझ्या खुणा अजून फरशीवर होत्या तिथे, उतरवला. मला कळेना, हसू की रडू. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा आली. रोज यायची. कधी एक, कधी दोन.

तलाव साफ करायला आठवड्याला गिल्बेर्तो यायचा. त्याने बघितलं आणि हातातली पाण्याची जाळी टाकून धावला. "बाई, हे काय चाललंय? कंबर मोडून घ्यायचीय का?"

"मोडायला शिल्लक काय आहे? तू तुझं पाणी बघ. प्रेस्टनसाहेबांनी बघितलं तर तुझं काम जाईल."

"बघायला इथे आहे कोण?" असं म्हणून त्याने भराभर काही ठोकळे नेऊन ठेवले. येईल तेव्हा ठेवायचा.

लिनेटचा फोन आला. "आई, दम का लागलाय तुला?"

"व्यायाम करतेय."

"अगं, किती छान!"

प्रेस्टनसाहेबांना मात्र तिने स्वतःच फोनवर सांगितलं, ती लपवाछपवी करणारी नव्हती. ते कळवळून म्हणाले, "मिसेस टटल, एवढं करू नका हो. आपल्या घराला मानाची पाटी मिळायचीय. ऑक्टोबरात मी परत येतो, मग बसून बोलू."

"ऑक्टोबरात मलाही हे घर आवडतं," आर्लीन म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा आली.

जुलैच्या मध्यावर मी तिच्या गुडघ्याइतकी झाले होते. सिमेंट नाही, चुना नाही, नुसती ठोकळ्यावर ठोकळा. पण उभी होते. आणि त्याच दुपारी वीज गेली.

कण्हणं थांबलं तेव्हा मला कळलं. एकदम सगळं शांत. मी अर्धी गॅरेजमागे आणि अर्धी काचेपुढे, दोन्हीकडून बघत होते. आर्लीन आतून काचेपाशी आली. काच सरकवायला लागली. ती नवी होती, दुप्पट जाड, आधीच्याहून जड. ती वितभर सरकली आणि अडली. आर्लीनने फोन उचलला, कानाला लावला, खाली ठेवला. विजेवर चालणारा होता तो. लिनेटने दिलेला दुसरा फोन कुठल्याशा खणात चार्ज न करता पडलेला. तिने रस्त्याकडचं दार उघडून हाका मारल्या. समोरच्या घराला कुलूप, त्याच्या पलीकडच्यालाही. वाळवंटातल्या त्या उन्हात चौकट ढकलत ती कुठवर जाणार होती? ती परत आत आली.

मग तिने तेच केलं जे तिला माहीत होतं. चादर भिजवली. उशी घेतली. काचेलगत, त्या वितभर फटीशी, फरशीवर हळूहळू आडवी झाली आणि डोकं माझ्या सावलीत ठेवलं. मी जेवढी होते तेवढीच माझी सावली. तिच्या चेहऱ्यापुरती. गळ्याखाली सगळं ऊन.

ती हलली नाही. तिनेच शिकवलं होतं ना सगळ्यांना. सूर्य डोंगराला बगल देऊन संध्याकाळपर्यंत आत घुसत राहिला. चादर वाळली. चेहऱ्यावर माझ्या पाकळ्या होत्या, शेवटपर्यंत होत्या. अजून चार-पाच थर असते तर! मित्रांनो, एवढंच माझ्या मनात येतं, आजही.

सकाळी गिल्बेर्तो आला आणि काचेपाशी गुडघ्यांवर बसला. लिनेट दुपारी आली. तिच्या आईला आडवी करूनच नेलं.

प्रेस्टनसाहेब त्या दिवशी धाय मोकलून रडले, खरोखर रडले. ऑक्टोबरात त्यांनी माझे ते थर पुन्हा उचलून गॅरेजमागे ठेवले. घराला मानाची पाटी लागली. पुढच्या फेब्रुवारीत गर्दी दुप्पट होती. एका बाईंनी काचेला हात लावून विचारलं, "उन्हाळ्यात इथे कशी हो राहत असतील माणसं?" प्रेस्टनसाहेबांनी काचेवरचे बाईंच्या बोटांचे ठसे रुमालाने पुसले. मग म्हणाले, "त्या काळची माणसंच वेगळी होती."

मित्रांनो, जुनं जपा. मी जुनी आहे, मी कशी नको म्हणू? घरं पाडू नका, ठोकळे विकू नका. पण एखादं सुंदर घर बघायला जाल तेव्हा भर जुलैत जा, दुपारी जा. तिथे राहणाऱ्या म्हातारीला विचारा, "आजी, या वेळेला तुम्ही कुठे बसता?" ती जिथे बोट दाखवेल, ते आधी जपा.